तोडणीची चिठ्ठी आणि ‘तुझे राज्य येवो’

पत्राचा गोषवारा: नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातून अडतीस वर्षांच्या एका वाचकाने लिहिले आहे. नाव-गाव गाळले आहे. ते साखर कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉय आहेत, म्हणजे शेतकऱ्याला ऊसतोडणीची चिठ्ठी देणारे कर्मचारी, नोकरी हंगामी. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील मंडळीच्या (चर्चच्या) पंचात आहेत. गेल्या वर्षी एका कन्व्हेन्शनमध्ये (ख्रिस्ती मेळाव्यात) देवाच्या राज्यावरचे संदेश ऐकले आणि तेव्हापासून त्यांना चैन नाही. ते लिहितात: “आमच्या गटात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, कोणाचा ऊस आधी तुटणार हे ओळखीवर आणि पैशावर ठरते. चहापाण्याचे मीही घेत आलो, कन्व्हेन्शननंतर बंद केले. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड टोळ्यांच्या झोपड्यांत, राहणाऱ्या बायामुलांचे हाल रोज डोळ्यांनी बघतो. अशा जागी राहून येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतले ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना जीभ अडखळते. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावे, पूर्णवेळ सेवक व्हावे असे वाटते. पाळकसाहेब म्हणतात, राज्य प्रभूच्या येण्याबरोबर येईल, आपले काम आत्मे जिंकण्याचे, कोप्यांवर जायचेच तर येशूचा संदेश छापलेल्या पत्रिका घेऊन जा. धाकटा भाऊ म्हणतो, चर्च सोड आणि कामगार संघटनेत ये. पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहे, ती म्हणते, पोरांच्या फीचे काय? आणि कोप्यांवर काही करायला गेलो तर गाव म्हणेल, हा बाटवायला आला. मी काय करू?”

प्रिय भाऊ, सलाम.

ज्या उत्तरासाठी तुम्ही लिहिलेत ते आधीच देऊन टाकते: या हंगामात राजीनामा देऊ नका. का ते सविस्तर सांगते. पटले नाही तर राजीनामा कुठे पळून जात नाही.

तुम्ही चौघांची मते लिहिलीत. तुमचे, पाळकसाहेबांचे, भावाचे, पत्नीचे. ज्याचा एक एकर ऊस तुरा येऊन शेतात उभा आहे आणि ज्याच्या बांधाला लागून असलेल्या बागायतदाराचा दहा एकर आधीच गाळून झाला, त्याचे मत पत्रात नाही. कोप्यावर पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या बाईचेही नाही. ‘तुझे राज्य येवो’ ही प्रार्थना त्या दोघांच्या बाजूने ऐकली तर कशी वाटते, एवढे मनात धरून पुढचे वाचा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. देवाचे राज्य कारखान्याच्या गेटाबाहेर कुठेतरी आहे आणि तिथे पोचायचे तर आधी या घाणीतून बाहेर पडले पाहिजे, असे तुम्हाला वाटते. पाळकसाहेबांनी ते राज्य काळाने पुढे ढकलले, तुम्ही ते जागेने लांब नेले. अंतर दोघांनीही राखलेच. आणि त्या अंतराचा फायदा कोणाला होतो? ज्यांना गट ऑफिसमध्ये काहीच बदलायला नको आहे, त्यांना.

येशूला परूश्यांनी (कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांनी) नेमके हेच विचारले होते, राज्य येणार कधी? लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे: ते दिसेल अशा थाटात येत नाही, ‘पाहा, इथे आहे’ किंवा ‘तिथे आहे’ असे कोणी म्हणणार नाही, ते तुमच्यामध्येच आहे. गालीलात त्याने सुवार्तेची सुरुवात केली तीही ‘काळाची पूर्णता झाली आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे’ या वाक्याने. भुते निघाली, कुष्ठी शुद्ध झाले, जकातदारांच्या पंगतीला तो जेवला, तेव्हा त्याने सांगितले की राज्य तुमच्यापर्यंत येऊन ठेपले आहे. आता पाळकसाहेबांची बाजूही खरी आहे, तिला हसू नका. तोच येशू राज्य येण्यासाठी प्रार्थना करायला शिकवतो, म्हणजे ते पुरते आलेले नाही. निदणाच्या (तणाच्या) दाखल्यात कापणीपर्यंत गहू आणि निदण एकाच शेतात उभे राहतात. सुरू झाले आहे आणि पुरे व्हायचे आहे, अशा मधल्या काळात आपण आहोत. मला पाळकसाहेबांशी वाद घालायचा तर एवढाच घालीन की, पुरे प्रभू करील हे कबूल, पण म्हणून सुरू झालेले पाहायचेच नाही का?

प्रार्थना आपण रविवारी इतकी भरभर म्हणतो की तिचा क्रम लक्षात येत नाही. ‘तुझे राज्य येवो’ म्हटल्यावर लगेच, स्वर्गात होते तशी तुझी इच्छा पृथ्वीवर होवो. त्यानंतर रोजची भाकर. त्यानंतर ऋण. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीखाली हंगामामागून हंगाम दबलेल्या टोळीच्या शेजारी उभे राहून या ओळी म्हणा. जीभ अडखळते असे तुम्ही लिहिलेत. अडखळू द्या, ती चांगली खूण आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी मंडळ्यांमध्ये ती कधीच अडखळत नाही.

आता नोकरीचे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे यार्देन नदीवर लोक आले आणि ‘आम्ही काय करावे?’ असे त्यांनी विचारले. तुमच्या पत्राचा शेवटचा प्रश्नही तोच आहे. लूक तिसऱ्या अध्यायात त्याने दिलेली उत्तरे पाहा. लोकसमुदायाला: दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांना: नेमून दिले आहे त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना: जुलूम करून, खोटे आळ घेऊन कोणाचे काही काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी वसुली करणारे, लोक ज्यांचा तिरस्कार करीत असत. त्यांना तो ‘नाके सोडा आणि रानात माझ्यामागे या’ म्हणत नाही. ‘नाक्यावरच बसा, पण नेमलेल्याहून जास्त घेऊ नका’ म्हणतो. योहान कोणाला गोंजारणारा माणूस नव्हता. तरी त्याने त्यांचा पश्चात्ताप ते रोज जिथे हिशेब लिहीत तिथेच मागितला.

तुम्ही म्हणाल, लेवीचे काय? लेवी जकातीच्या नाक्यावरून उठला, सगळे सोडले आणि येशूच्या मागे गेला. बरोबर. पण त्याच शुभवर्तमानात पुढे यरीहोचा जक्कय आहे. मुख्य जकातदार, श्रीमंत. येशू त्याच्या घरी उतरला, जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवणुकीने घेतलेले चौपट परत करायचे ठरवले, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झाले. त्याने नाके सोडले असे कुठेही लिहिलेले नाही. लेवीला नावाने हाक आली होती, म्हणून तो उठला. तुम्हाला अशी हाक आली आहे की जागेची किळस आली आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या पत्रात मला दुसऱ्याचाच आवाज जास्त ऐकू येतो.

समजा तुम्ही उद्या गेलात. तुमच्या जागी कोण येईल? ज्याला चहापाण्याची लाज नाही असाच कोणीतरी. एक एकरवाल्याच्या दृष्टीने तुमच्या पूर्णवेळ सेवेचा पहिला परिणाम हा.

कारखान्यात तुमचा शब्द फारसा चालत नाही हे मला कळते. तोडणीचा कार्यक्रम वर ठरतो, गटप्रमुख, शेतकी अधिकारी आणि त्यांच्याही वर संचालकांचे फोन. पण ज्या वीतभर जागेत तुमचा शब्द चालतो ती मोजून पाहा. चिठ्ठी तुमच्या हातून फाटते. लागणीच्या तारखा तुमच्या नोंदीत असतात. लागणीच्या हंगामाप्रमाणे ऊस आडसाली कोणता, पूर्वहंगामी कोणता, सुरू कोणता, आणि तोडलेल्या उसाच्या खोडातून फुटलेला खोडवा कोणता, हे तुम्हाला तोंडपाठ असणार. कुठल्या टोळीने कुठल्या फडात (उसाच्या शेतात) किती टन तोडले हेही तुमच्यासमोरून जाते. देवाचे राज्य म्हणजे जिथे देवाची इच्छा चालते ती जागा, असे मानत असाल तर मग या वीतभर जागेत ती चालते का, हाच तुमच्यापुरता पहिला प्रश्न. साऱ्या साखर कारखानदारीचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही.

तेव्हा पहिले काम यादीचे. तुमच्या गटातल्या नोंदी लागणीच्या तारखेप्रमाणे आणि उसाच्या जातीप्रमाणे एका कागदावर उतरवा आणि गटप्रमुखांना विचारून ऑफिसच्या भिंतीवर लावा. ‘लोक रोज विचारून डोके खातात, यादी लावली तर त्रास वाचेल’ एवढे कारण पुरे, तिथे प्रवचन नको. यादी डोळ्यांसमोर असली की क्रम मोडणाऱ्याला चारचौघांत मोडावा लागतो. वरून ‘अमक्याची चिठ्ठी आधी काढ’ असा निरोप आला तर शक्य तिथे तो लेखी किंवा मोबाइलवर संदेशात मागा. दर वेळी मिळणार नाही. पण मागण्यानेही निरोप कमी होतात. आणि ज्याचा ऊस थांबला त्याला खरे सांगा, ‘तुमचा नंबर इतका होता, इतक्यांना वरून पुढे घेतले.’ त्याला लेखी तक्रार करायची असेल तर मुख्य शेतकी अधिकाऱ्यांकडे आणि नाहीच ऐकले तर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे करता येते. अर्ज त्याने करायचा, तुम्ही त्याच्या नावाने नाही.

आधी घेतलेल्या पैशांबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथे थोडी थांबणार आहे. बंद केलेत हे चांगले झाले, पण जक्कय बंद करून थांबला नाही. ज्यांच्याकडून घेतल्याचे आठवते त्यांतल्या लहान शेतकऱ्यांना गुपचूप परत करा. एकदम जमणार नाही, हंगामी माणसाचा ऑफ सीझन रिटेन्शनवर (बंद काळातल्या थोडक्या पगारावर) कसा जातो ते मला ठाऊक आहे, म्हणून हप्त्याने करा. एक मात्र करू नका: ते पैसे दशांशाच्या पाकिटात घालून मोकळे होऊ नका. चर्चच्या दानपेटीला दुसऱ्याच्या पैशांवर हक्क नाही. आपल्याकडे हा मार्ग फार लोकप्रिय आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

याची किंमत पडेल. सहकारी टोमणे मारतील, ‘साधू झाला’ म्हणतील, कदाचित लांबच्या गटात बदली होईल. बदली झाली तर तिथेही यादी लावता येते. पण नोकरीच जाण्याची वेळ आली, किंवा तुमच्या सहीने खोटे वजन, खोटी नोंद करायला लावू लागले, तर मात्र माझे पहिले वाक्य रद्द समजा आणि बाहेर पडा. थांबायलाही हद्द असते.

आता कोप्या. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कळवळ्याचा भाग आहे आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बीडकडून, पाथर्डीच्या डोंगराळ पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) तुमच्या शिवारात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि बाई आजारी पडून दिवस बुडाला तर खाडा दोघांच्या नावावर. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली राज्यभर गाजल्या, ते तुम्हाला आठवत असेल. एवढे मोठे दुःख समोर असले की आपण ब्लँकेट वाटतो. नाताळही नेमका भर हंगामात येतो, मंडळीचा तरुण संघ कॅरल घेऊन जातो, ब्लँकेट देतो, फोटो निघतो. ब्लँकेट वाईट नाही, थंडी असते. पण ब्लँकेट द्यायला चिटबॉय लागत नाही. तुम्हालाच जमेल असे काय आहे ते बघा.

गाडीचे वजन झाले की पावतीवरचा आकडा टोळीला वाचून दाखवा, विशेषतः बायांना. त्यांच्यातल्या शाळा शिकलेल्या एखाद्या मुलीला वहीत लिहायला लावा: तारीख, फड, टन. हंगामाअखेर मुकादमाच्या वहीशेजारी ही दुसरी वही असली की बोलणे बदलते. यात तुम्ही मुकादमाविरुद्ध काही केले नाही. जे खरे आहे ते ज्याचे त्याला सांगितले. मुकादमही अनेकदा कारखान्याच्या आणि मजुराच्या कचाट्यात अडकलेला असतो हे विसरू नका. आणि कोप्यावरची माणसे गरीब आहेत म्हणून निष्पाप आहेत अशीही समजूत नको. शेतकऱ्याकडून खुशाली (तोडणीसाठीचे वरचे पैसे) उकळणारी टोळी तुम्हाला माहीतच आहे. दया दाखवायला समोरचा संत असावा लागत नाही.

मुलांसाठी तुमच्या घरातच माणूस आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या लहान मुलांना आणि गरोदर बायांना मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरणाची सोय मिळू शकते, आणि हे तुमची पत्नी तुमच्यापेक्षा चांगले जाणते. शाळेच्या वयाच्या मुलांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापक सहसा वाईट नसतात, त्यांना कोणीतरी दोनदा जाऊन विचारावे लागते. रेशनही आता गावाबाहेर उचलता येते. टोळीतल्या कितीजणांना ते ठाऊक आहे ते विचारा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, त्यात यांची नोंद आहे का तेही विचारा. ही सगळी कंटाळवाणी, कागदांची कामे आहेत. त्यांवर कोणी साक्ष देत नाही, टाळ्या पडत नाहीत. पण कोप्यावरचे पोर फडात पाचटावर झोपण्याऐवजी वर्गात बसले, तर ‘पृथ्वीवरही होवो’ यातले थोडे झाले असे मी म्हणेन.

‘बाटवायला आला’ या भीतीबद्दल. ती खोटी नाही, आणि तिचे उत्तर आपण आपल्या वागण्यात दिले पाहिजे, नुसते दुखावले जाऊन भागणार नाही. माझे म्हणणे सरळ आहे: मदतीच्या हातात पत्रिका नको. पाळकसाहेबांचा सल्ला या बाबतीत मला मान्य नाही. कर्जात, थंडीत, पोराच्या तापात असलेल्या माणसाला तुम्ही आधी औषध आणि मग पत्रिका दिलीत तर त्याला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराचे देवाला तरी काय करायचे? दहा कुष्ठी शुद्ध झाले, एक परत आला, तोही शोमरोनी, यहूद्यांच्या लेखी परका. येशूने ‘बाकीचे नऊ कुठे?’ असे विचारले खरे, पण त्यांचे शुद्ध होणे परत घेतले नाही. आणि ‘राज्य तुमच्यामध्ये आहे’ हे जे वचन मी वर सांगितले ते लूकमध्ये या गोष्टीच्या लगेच पुढे येते.

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला गेले. दुष्काळी भाग, दवाखान्याची वानवा. त्यांनी गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कितीजणी निरक्षर आणि दलित होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. बाळंतपण, जुलाब, लस, कुष्ठरोग, सगळे त्यांच्या हाती दिले. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले आणि पाणी हवे असणाऱ्या बाकीच्या गावाला तिथे यावे लागले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते आपला विश्वास लपवत नव्हते, आणि त्याची किंमत रुग्णाकडून वसूलही करत नव्हते. तुम्हाला कोणी विचारले, ‘भाऊ, तुम्ही हे का करता?’ तर सरळ सांगा, मी येशूला मानतो म्हणून. न विचारता सांगत फिरू नका. आणि एकटे जाऊ नका, गावातले ग्रामपंचायत सदस्य, शाळेचे गुरुजी, हरिपाठाला जाणारे एखादे काका यांना सोबत घ्या. तुमच्या उजवीकडे वारकरी उभा असला की निम्म्या अफवा तिथेच मरतात. शिवाय हे काम फक्त ख्रिस्ती माणसाचे आहे असा आपला दावाही नाही.

भावाला माझा निरोप द्या, की त्याचे निम्मे बरोबर आहे. तोडणीचे दर कोणाच्या प्रार्थनेने आपोआप वाढले नाहीत, संघटनांनी कोयते बंद ठेवले, करार झाले, तेव्हा वाढले. त्याला संघटनेत जाऊ द्या, तुम्ही त्याला मदत करा. चर्च सोडण्याची अट मात्र का? पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मुली आणून केडगावच्या मुक्ती सदनात ठेवल्या. तिथे प्रार्थना होती, तशी शेती, विणकाम, छापखानाही होता. त्याच रमाबाईंनी १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रात उघड लिहून सरकारला अडचणीत आणले. भाकर देणे, प्रार्थना करणे आणि जाब विचारणे ही तीन माणसांची तीन कामे आहेत असे त्यांना वाटले नाही. तुमच्या घरात मात्र एकाने गुडघे घेतले आहेत आणि दुसऱ्याने मूठ.

बायबल कॉलेजबद्दल मी अजून ठाम नाही, ठाम असण्याचा मला अधिकारही नाही. काही प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मंडळीने तुम्हाला ‘पाळकसाहेब’ म्हटले नाही, झगा मिळाला नाही, तरी हे करावेसे वाटेल का? (रागावू नका. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि निम्मे लोक तिथेच गप्प होतात.) मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला, तुम्ही न सांगता, तुमच्यात हे पाचारण दिसले आहे का? थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभू आता येणारच म्हणून काही जण कामधंदा सोडून बसले होते. प्रेषित पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितले, आणि तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत होता. आणि ज्यांचे अभंग तुम्ही उपासनेत गाता त्या कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली काय केले? त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त बसावेत म्हणून. दोनच वर्षांत ते गेले, दरबार फार टिकला नाही. पण तुम्हाला कारखान्याच्या पगारातून मिशनच्या पगारात जायचे आहे आणि टिळक मिशनच्या पगारातून बाहेर पडले. पगार कुठला, यावर सेवा ठरत नाही एवढे यातून घ्या. अभ्यासाचीच ओढ असेल तर ऑफ सीझनमध्ये पत्राद्वारे चालणारा एखादा अभ्यासक्रम सुरू करा. पट्टा पडल्यावर तुम्हाला वेळ असतोच.

मंडळीत एक गोष्ट मात्र यंदाच मांडता येईल. चर्चमधल्या हंगामाच्या (सुगीच्या) सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या येतात, लिलाव होतो, पैसे इमारत निधीत जातात. पंचांपुढे एवढेच ठेवा की यंदाच्या लिलावातला काही भाग कोप्यांवरच्या पोरांच्या वह्या-दप्तरांना आणि आजारी बायांना तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याच्या गाडीभाड्याला द्यावा, शाळेमार्फत द्यावा, बॅनर न लावता. वडील पंचात आहेत, त्यांना आधी घरी पटवा. बैठकीत ‘देवाच्या राज्याचे सामाजिक आयाम’ वगैरे बोललात तर प्रस्ताव तिथेच पडेल. आणि त्या टोळीतले कोणी आपणहून रविवारी उपासनेला आले, तर त्यांना दाराजवळच्या सतरंजीवर बसवू नका. याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात हेच खडसावून लिहिले आहे, भारी कपडेवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्याच्याला पायाशी. आपल्या चर्चमध्ये ही व्यवस्था अजून शाबूत आहे.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांचा फीचा प्रश्न तुम्ही अविश्वासाच्या खात्यात टाकलेला दिसतो. तो त्या खात्यात बसत नाही. सेवेला गेलेल्या बापाच्या पोरांची शाळा आईच्या मानधनावर चालते हे त्यांनी आजूबाजूला पाहिले असेल. शिवाय वर जी कामे मी सुचवली त्यांतली निम्मी त्यांच्या अंगणवाडीतून होणार आहेत, आणि तुम्ही त्यांना अजून काहीच विचारलेले नाही. आज संध्याकाळी हे पत्र दोघांनी मिळून वाचा. पट्टा पडला की एप्रिलात मला परत लिहा: यादी लागली का, किती दिवस टिकली, कोणी फाडली. बायबल कॉलेजचा अर्ज तेव्हाही मनात असेल तर त्यावर पुन्हा बोलू, फक्त त्या पत्रात चार ओळी तुमच्या पत्नीच्या हातच्या असू द्या.